पाण्यात उभी असलेली राई

जायफळ सर्वांच्या ओळखीचे आहे. ते पुरणात पडते, श्रीखंडात पडते. सणाच्या दिवशी घरभर त्याचा वास सुटतो. पण बाजारातले हे जायफळ मुळात आपल्या देशाचे नव्हे. इंडोनेशिया देशात बांदा नावाची लहान लहान बेटे आहेत. तेथून ते जगभर गेले, आणि आपल्या कोकणातल्या बागांतही आले.

आपल्या सह्याद्रीच्या रानात मात्र ह्या जायफळाचे भाऊबंद फार पूर्वीपासून राहतात. त्यांना रानजायफळ म्हणतात. त्यांच्या बियांना तसा सुवास नाही. झाड मात्र मोठे देखणे. उंच, सरळ आणि गर्द पानांचे. सालीला कोयता लागला तर रक्तासारखा लालसर चीक येतो.

ह्या रानजायफळांच्या काही जाती दलदलीत राहतात. दलदल म्हणजे बारा महिने भिजलेली जमीन. पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत आत जाईल अशी. अशा जमिनीत ही झाडे शेकडो वर्षे उभी आहेत. त्यांची ओळख करून घेण्यासाठी हा पाठ आहे. आणि जेथे ती नाहीशी झाली तेथे ती पुन्हा कशी लावावी, हेही आपण पाहणार आहोत.

झाड चिखलात जगते कसे?

तुरीच्या शेतात आठ दिवस पाणी साचले तर काय होते? तूर पिवळी पडते आणि मरते. पाणी जास्त झाले म्हणून मेली, असे आपण म्हणतो. खरे कारण निराळे आहे. मुळांना हवा लागते. मोकळ्या मातीच्या कणांमध्ये हवा असते. तिथे पाणी भरले की हवा निघून जाते. मूळ गुदमरते, मग कुजते.

रानजायफळाने ह्यावर तोड काढली आहे. त्याच्या एका जातीची मुळे चिखलातून वर येतात, वाकतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. माणूस गुडघा वर करून बसला म्हणजे जसा दिसतो, तशी ती दिसतात. साऱ्या राईत असे शेकडो गुडघे वर आलेले असतात. दुसऱ्या एका जातीला खोडापासून खाली उतरणारी आधाराची मुळे फुटतात. केवड्याला फुटतात तशी. वर आलेल्या मुळांतून झाड हवा घेते. पसरलेल्या मुळांमुळे ते चिखलात कलंडत नाही.

झाडांच्या खाली केवडा आणि अळूच्या जातीची रानटी झाडे असतात. ऊन आत येत नाही. अशा राया सह्याद्रीच्या पायथ्याच्या दऱ्यांत, लहान व्हाळांच्या काठी असतात. सपाट जागा असावी, वरून झरा यावा, आणि पाणी घाईने पळू नये, एवढे जुळले की तेथे ही राई होते. म्हणूनच ती कोठेही फार मोठी नसते.

ही राई कोठे आहे?

केरळात कुळत्तुपुळा, अंचल आणि शेंदुर्णी ह्या भागांत ह्या राया आहेत. त्यांची पहिली शास्त्रीय नोंद १९६० साली झाली. कर्नाटकात उत्तर कन्नड, म्हणजे जुन्या बोलण्यातल्या कारवार जिल्ह्यात, सिद्धापूर आणि होन्नावरच्या बाजूला त्या आहेत. तेथील एका रानाचे नाव कत्तलेकान. कानडीत कत्तले म्हणजे काळोख आणि कान म्हणजे रान. नाव अगदी शोभते. ह्या काळोख्या रानात बिब्ब्याच्या कुळातले एक झाड सापडले. असे झाड जगाला ठाऊकच नव्हते. २००० साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले, आणि त्यात ह्या रानाचे नाव घातले. गोव्यात सत्तरी तालुक्यात बांबर येथे निरंकाराची राई आहे. ती देवाची राई म्हणून राखली गेली.

महाराष्ट्रात अशी राई असेल असे पुष्कळ दिवस कोणाला वाटले नव्हते. मग सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात, हेवाळे-बांबर्डे येथे ती आढळली. २०१८ साली तिची नोंद छापून आली. सह्याद्रीतली ही सर्वांत उत्तरेकडची अशी राई, असे त्या वेळी म्हटले गेले. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने तिला जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. जागा किती? २.५९ हेक्टर. म्हणजे सहा एकरांहून थोडी जास्त. गावातल्या एखाद्या बऱ्या खातेदाराची जमीनही ह्याहून मोठी असते. पुढे त्याच तालुक्यात कुंब्रल गावच्या देवराईतही अशी एक राई अभ्यासकांनी नोंदली.

शास्त्रज्ञांना हे अलीकडे कळले. गावच्या लोकांना मात्र ही झाडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. देवाच्या भीतीने त्यांना कोणी कोयता लावला नाही. ह्या भीतीला आम्ही नावे ठेवणार नाही. तिने झाडे राखली, हे डोळ्यांनी दिसते.

राई गेली कशी?

सह्याद्रीच्या उतारावर सपाट जागा थोडी. जी सपाट आणि ओली, तीच ही दलदल. शेतकऱ्याने भात कोठे लावावे? पोफळी कोठे लावाव्यात? त्याने दलदलीत चर खणला, पाणी व्हाळात सोडून दिले, झाडे तोडली आणि शेत केले, कुळागर केले. केरळात आणि कारवारकडे अशा पुष्कळ राया भातशेतीत आणि पोफळीच्या बागांत गेल्या. काही ठिकाणी साग लावण्यासाठी गेल्या.

ह्यात शेतकऱ्याला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. पोटासाठी त्याने केले. पण त्या चराने काय केले ते समजून घेतले पाहिजे.

दलदलीची जमीन ओल्या गोणपाटासारखी असते. पावसाळ्यात ती पाणी पिते आणि मग महिनोन्‌महिने थेंबथेंब सोडते. पानांचा थर, मुळांचे जाळे आणि गार सावली, ही तिन्ही पाण्याला धरून ठेवतात. चर खणला की हेच पाणी पावसाबरोबर धो-धो निघून जाते. शिमग्यापर्यंत वाहणारा व्हाळ आधीच आटतो. ज्याने वर बाग केली त्याला आधी काही कळत नाही. खालच्या वाडीतल्या बायकांना कळते. कारण त्यांचा हंडा भरायला वेळ लागू लागतो. पुढे बागवाल्यालाही पंप बसवावा लागतो. ज्या पाण्याच्या भरवशावर बाग केली, ते पाणी बागेच्या चरातूनच निघून गेलेले असते.

अलीकडे आणखी एक गोष्ट घडते. देवळाचा जीर्णोद्धार निघतो. मोठा सभामंडप हवा, गाड्या लावायला जागा हवी, म्हणून राईचा एक कोपरा साफ होतो. देवाला सिमेंटचे छप्पर मिळते आणि त्याची झाडांची सावली जाते. गावकऱ्यांनी आणि मानकऱ्यांनी आराखडा करतानाच राईची हद्द दगड रोवून ठरवावी, असे आम्ही सुचवतो.

पाणी सोडून दिले तर केवढे नुकसान होते?

आपल्या राया लहान, म्हणून नुकसानही लहान दिसते. हेच काम प्रचंड प्रमाणावर झाले तर काय होते, ते जायफळाच्याच देशात पाहायला मिळाले. इंडोनेशियात बोर्निओ नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या त्या देशातल्या भागाला कालिमंतान म्हणतात. तेथे मैलोन्‌मैल दलदलीची जंगले होती. तेथली दलदल आपल्यासारखी नुसत्या मातीची नाही. हजारो वर्षांचा पालापाचोळा आणि लाकूड पाण्याखाली राहिल्यामुळे पुरते कुजलेच नाही. त्याचा थर साचत गेला. काही जागी तो थर दहा मीटरपेक्षाही खोल आहे. इंग्रजीत त्याला पीट म्हणतात.

१९९५ साली तेथील सरकारने ठरवले की ह्या दलदलीतली दहा लाख हेक्टर जमीन भातासाठी मोकळी करायची. हेतू वाईट नव्हता. देशाला तांदूळ हवा होता. चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणले. पाणी निघून गेले. झाडे तोडली. पण भात काही पिकेना. ती जमीन आंबट आणि निकस होती. वाळलेला थर मात्र आता जळणासारखा झाला. १९९७ साली पाऊस लांबला आणि आग लागली. ही आग साधी नव्हती. ती जमिनीच्या आत धुमसत राहते. वरून पाणी ओतले तरी खाली जळतच असते. धूर शेजारच्या देशांपर्यंत गेला. १९९९ साली ती योजना गुंडाळली. पण कालवे राहिले, आणि कोरडी जमीनही राहिली. २०१५ साली पुन्हा मोठ्या आगी लागल्या. त्या वर्षी साऱ्या देशात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळले.

२०१६ साली इंडोनेशियाने ह्या दलदली सुधारण्यासाठी वेगळे खाते काढले. त्यांनी कामाचा क्रम ठरवला, तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पहिल्याने कालव्यांत बांध घालून पाणी अडवायचे. त्यानंतर तेथलीच झाडे लावायची. आणि तिसरे, जवळच्या गावाला त्यातून पोटाला काही मिळेल असे बघायचे. तेथे जेलुतुंग नावाचे झाड आहे. त्याचा चीक विकला जातो. बलांगरान नावाचे झाड उघड्या उन्हातही तग धरते. अशी झाडे त्यांनी निवडली. रोपे थेट पाण्यात न लावता चिखलाचा उंचवटा करून त्यावर लावतात, म्हणजे पावसाळ्यात ती बुडत नाहीत. जेथे पाणी अडवण्याआधी झाडे लावली, तेथे ती वाळतात किंवा आगीत जातात.

आता आपल्याकडचे काम

पहिले वर्ष पाण्यासाठी द्यावे. रोपाची घाई करू नये. मे महिन्यात व्हाळाच्या उगमापर्यंत चालत जावे. ओल कोठपर्यंत आहे, जुना चर कोठून निघतो, कोणाच्या हद्दीतून जातो, ते बघावे. चर दगड आणि चिकण मातीने ठिकठिकाणी बुजवावा. एकच उंच बांध घालू नये. त्याने तळे होते, आणि तळ्यात ही झाडे मरतात. पाणी हळू सरकत राहिले पाहिजे. चर दुसऱ्याच्या बागेतून जात असेल, तर आधी त्याला विचारावे. न विचारता चर बुजवला आणि त्याच्या पोफळी पिवळ्या पडल्या, तर भांडण कोर्टात जाईल आणि राई तशीच राहील.

जागा कोणती घ्यावी? चांगली चालणारी बाग मोडून राई करा, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. सांगितले तरी कोणी ऐकणार नाही. पण प्रत्येक गावात मुंबईला गेलेल्या माणसाची पडीक मळी असते. व्हाळाच्या काठी पीक न येणारा पाणथळ तुकडा असतो. राईच्या कडेला उघडी पडलेली पट्टी असते. तेथून सुरुवात करावी. देवराई असेल तर मानकऱ्यांना विचारून, गावची रीत असेल तर देवाला कौल लावून काम करावे. जमीन सरकारी किंवा वनखात्याची असेल तर परवानगी काढावी. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. पुष्कळ गावांत ती कागदावरच असते. तिला हे काम द्यावे.

बी कोठून आणायचे? त्याच राईतून, नाहीतर जवळच्या राईतून. येथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. भाताचे, नाचणीचे बी आपण वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवतो. रानजायफळाच्या बीचे तसे नाही. ते वाळले की मेले. फळ तडकते, आत लालभडक जायपत्री दिसते, आणि बी खाली पडते. ते ताजे असतानाच रुजत घालावे लागते. धनेश पक्षी ही जायपत्री मोठ्या आवडीने खातो आणि बी दूर नेऊन टाकतो. खाली पडलेल्या पुष्कळ बियांवर खेकडे ताव मारतात. म्हणून राखणदाराने झाडाखाली वरचेवर फेरी घालावी. सगळे बी मात्र गोळा करू नये. थोडे पक्ष्यांना आणि रानालाही ठेवावे.

बी एकाच झाडाखालचे घेऊ नये. जायफळात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते, हे बागाईतदारांना ठाऊक आहे. बागेत आपण मादीचे कलम आणतो. राईत तसे चालत नाही. तेथे दोन्ही हवीत, आणि झाडाला फुले येईपर्यंत नर कोणता, मादी कोणती ते कळत नाही. म्हणून पुष्कळ झाडांचे बी घ्यावे आणि रोपे एकेकटी दूर न लावता घोळक्याने लावावीत.

बी पिशवीत घालून झावळ्यांच्या मांडवाखाली ठेवावे. माती सतत ओली हवी. ह्या रोपांना लहानपणी सावली लागते. कडक उन्हात ती करपतात. घाईने बोटभर रोप लावले तर पहिल्याच पुराबरोबर ते वाहून जाईल. कमरेपर्यंत वाढू द्यावे, मग न्यावे. पावसाचा जोर ओसरला की चिखलाचा उंचवटा करून त्यावर लावावे आणि बाजूला काठी रोवून सैल बांधावे. जागा अगदी उघडी असेल तर आधी कडेने उंबर, करंज, चांदाडा अशी आपल्याकडची लवकर वाढणारी झाडे लावावीत. दोन-तीन वर्षांत सावली झाली की रानजायफळ आत आणावे. केवडा लावला तर माती धरून राहते.

कर्नाटकात सिरसीच्या वनविद्या महाविद्यालयातील अभ्यासकांनी हीच वाट धरली. कत्तलेकानच्या त्या बिब्ब्याच्या भाऊबंदाची आणि दलदलीतल्या इतर झाडांची रोपे त्यांनी वाढवली आणि पुन्हा दलदलीत लावली. २०११ साली त्या भागात सिंहपुच्छ वानरासाठी अघनाशिनी राखीव क्षेत्रही झाले. त्यात कत्तलेकानचे रान येते.

कोणी विचारील, "गुरुजी, एवढी खटपट करायचीच तर बाजारातल्या जायफळाची कलमं लावू. चार पैसे तरी मिळतील." कलमे जरूर लावावीत, पण आपल्या बागेत. बाजारातले जायफळ पाणी साचलेल्या जमिनीत टिकत नाही. दुसरा कोणी म्हणेल, "ऑस्ट्रेलियन बाभूळ लावा. ती कुठंही येते, ढोरं खात नाहीत." ती कोठेही येते हे खरे. कोकणातल्या कित्येक सड्यांवर ती लावलेली आपण पाहतो. पण तिच्याखाली हिंडून बघा. केवडा नाही, अळू नाही, धनेशाला खायला फळ नाही. सरपणासाठी ती सड्यावर असू द्या. झऱ्यावर तिला आणू नये.

"ह्या राईतून आम्हाला काय मिळणार?" हा तिसरा प्रश्न. तो सर्वांत खरा आहे. पैसा फार मिळणार नाही. पाणी मिळेल. तेही लगेच नाही. रोपे लावणाऱ्याचे केस पांढरे होतील तेव्हा राई गर्द होईल. एवढे मात्र आहे की चर बुजवल्याचा गुण झाडांच्या आधी दिसू लागतो. म्हणून खालच्या वाडीतल्या लोकांना कामात पहिल्या दिवसापासून घ्यावे. झऱ्याचे पाणी त्यांच्याइतके बारकाईने कोणी बघत नाही.

लावल्यावर पहिली काही वर्षे म्हशींना लोळायला तिकडे जाऊ देऊ नये. रोपांवर चढलेले वेल काढावेत. उन्हाळ्यात सड्यावरचे गवत जाळतात, ती आग पाल्यात शिरणार नाही अशी पट्टी साफ ठेवावी. मेलेल्या रोपाच्या जागी पुढच्या वर्षी दुसरे लावावे.

आणि एक वही ठेवावी. ती तुमच्यापैकीच कोणीतरी लिहावी. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि मे महिन्यात, फेरी घालून प्रत्येक रोपाची नोंद करावी. फार लिहायला नको. असे लिहिले तरी पुरे:

"मे, तारीख १२. झऱ्याला पाणी आहे, वीतभर खोल. रोप क्रमांक १४, रानजायफळ. उंची तीन हात. नवी पाने आली. रोप क्रमांक १५ मेले. खालच्या अंगाचा चर पुन्हा फुटला आहे. पावसाआधी बुजवावा."